एक ट्यूब, दोन जखमा: हायड्रोजेल कोणत्या जखमेला लावावे आणि कोणत्या नाही

तुमच्या घरी सध्या दोन जखमा आहेत. वडील ६२ वर्षांचे आहेत, त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे, आणि सारी उमर यंत्रमागापुढे उभे राहण्यात गेली आहे. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याला, २ महिन्यांपासून जखम आहे. पत्नीच्या हाताला ३ दिवसांपूर्वी कुकरची वाफ लागली, मनगटाच्या वर तळहाताएवढी जागा भाजली आणि फोड फुटला. औषधाच्या दुकानातून तुम्ही नैसर्गिक पॉलिमरच्या (लांब साखळीच्या रेणूंच्या) हायड्रोजेलची, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलची, ट्यूब आणलीत. इकडे ड्रेसिंग करणारे कंपाउंडर म्हणतात की जखम उघडी ठेवा, वाळू द्या, खपली धरू द्या. कोणाचे ऐकावे, कायटोसान, अल्जिनेट आणि कोलॅजेन या तीन पॉलिमरांपैकी कोणते उत्तम, आणि एकच ट्यूब दोघांना चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी सोलापुरात शल्यचिकित्सक म्हणून अनेक वर्षे काम करत आहे आणि माझ्या दिवसाचा मोठा भाग ड्रेसिंगच्या खोलीतच जातो. तुमच्या वर्णनावरून पत्नीच्या हाताला हायड्रोजेल बहुधा चांगले काम करील असे मला वाटते. वडिलांच्या पायाला मात्र काही तपासण्या होईपर्यंत ते लावू नये, आणि त्या झाल्यावरही जखम भरण्याचे श्रेय बहुतांशी जेलला मिळणार नाही. दोन्ही जखमा मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे पुढचे सारे विवेचन त्या मर्यादेत वाचावे. पॉलिमर कोणता, हा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात. माझ्या लेखी तो चौथा आहे. जखमेला रक्त पोहोचते आहे का, तिच्यात जंतूंचा किंवा मेलेल्या मांसाचा भार किती, आणि ती कोरडी आहे की वाहती, हे तीन प्रश्न त्याच्या आधी येतात.

आधी कंपाउंडरांच्या म्हणण्याकडे वळू. ते तुम्हाला फसवत नाहीत. त्यांनी जे पाहिले आणि शिकले तेच सांगत आहेत. जखम वाळली म्हणजे बरी झाली ही समजूत फार जुनी आहे आणि डॉक्टरांमध्येही दीर्घकाळ होती. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. डुकरांच्या पाठीवर त्याने उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा चिकटवला. पापुद्र्याखालच्या ओलसर जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने आली. पुढच्याच वर्षी हिनमन आणि मायबाख यांनी माणसाच्या त्वचेवर तसाच कल दाखवला. कारण समजायला सोपे आहे. कडेच्या त्वचेतल्या पेशी सरपटत मध्यभागाकडे येतात आणि त्यांना सरकायला ओला पृष्ठभाग लागतो. वर कडक खपली धरली असेल तर त्यांना तिच्या खालून, ओल सापडेल तिथून, खोदत जावे लागते. खपली हे शरीराने घाईत लावलेले झाकण आहे. त्याहून चांगले झाकण आपण देऊ शकत असलो तर खपलीची वाट पाहण्याचे कारण उरत नाही.

मात्र ओल म्हणजे पाणी साचणे नव्हे. आपल्या जिल्ह्यात रब्बी ज्वारी पेरणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. पाऊस थांबल्याबरोबर चिखलात कोणी तिफण घालत नाही आणि जमीन भेगाळल्यावरही घालत नाही. वाफसा यायची वाट पाहतात. जखमेलाही वाफसा लागतो. तळ ओलसर हवा आणि कडेची त्वचा कोरडी हवी. कडेची त्वचा दिवसभर धुणे धुतलेल्या बोटांसारखी पांढरी आणि सुरकुतलेली दिसू लागली, की ओल जास्त झाली असे समजावे.

विंटरच्या प्रयोगाबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण जाहिरातींत ती कधीच नसते. त्या जखमा उथळ होत्या, ताज्या होत्या आणि तरुण, निरोगी, उत्तम रक्तपुरवठा असलेल्या जनावरांच्या होत्या. तुमच्या पत्नीची जखम या वर्णनाच्या जवळ जाते. वडिलांची जात नाही.

आता हायड्रोजेल म्हणजे काय ते पाहू. उन्हाळ्यात आपण सब्जा भिजत घालतो. दाण्याभोवती जो पारदर्शक, लिबलिबीत गोळा धरतो तो हायड्रोजेलच आहे: लांब साखळ्यांच्या रेणूंचे जाळे आणि त्या जाळ्यात अडकून राहिलेले पाणी. इसबगोल आणि चायना ग्रास ही त्याच घराण्यातली. जखमेसाठी केलेल्या जेलमध्ये बहुधा वजनाच्या ७० ते ९० टक्के किंवा त्याहूनही अधिक पाणीच असते. असे जेल कोरड्या जखमेला पाणी देते, वाळून चिकटलेला पिवळा थर मऊ करून सोडवते, उघड्या पडलेल्या मज्जातंतूंची टोके ओली ठेवते आणि म्हणून वेदना लवकर कमी करते. मुळातच पाण्याने भरलेले असल्यामुळे ते वाहत्या जखमेतले पाणी फारसे शोषू शकत नाही. खूप लस (जखमेतून पाझरणारे पाणी) येणाऱ्या जखमेवर हायड्रोजेल लावणे म्हणजे भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतणे आहे.

इथेच पॉलिमरच्या नावाने गोंधळ होतो. अल्जिनेट घ्या. ते तपकिरी समुद्रशेवाळापासून काढतात. त्याच्या साखळ्या कॅल्शियमच्या कणांनी एकमेकींना जोडल्या की त्यांचे कोरडे तंतू करता येतात आणि त्या तंतूंची कापसासारखी मऊ चटई बनते. ही चटई वाहत्या जखमेवर ठेवली की लसीतले सोडियम कॅल्शियमची जागा घेते, तंतू फुगतात आणि जखमेतच जेल तयार होते. म्हणजे चटईच्या रूपातले अल्जिनेट पाणी घेते, तर पाण्यात विरघळवून ट्यूबमध्ये भरलेले अल्जिनेट पाणी देते. एकच पदार्थ, कामे मात्र उलट. कोरड्या जखमेवर अल्जिनेटची चटई टाकली तर ती तिथेच वाळून रुतते आणि काढताना रुग्णाच्या डोळ्यांत पाणी येते. म्हणून पाकिटावर अल्जिनेट लिहिले आहे एवढ्यावर निर्णय घेऊ नये. आतला पदार्थ कोरडा आहे की ओला, ते आधी पाहावे.

कायटोसान कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनवर अल्कलीची प्रक्रिया करून मिळवतात. त्याच्या साखळीवर धन विद्युतभार असतो, तर रक्तपेशींचा आणि जंतूंचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, म्हणून ते रक्त गोठवायला मदत करते आणि जंतूंना काही प्रमाणात रोखते. अमेरिकी सैन्याने रक्तस्राव थांबवण्यासाठी कायटोसानच्या पट्ट्या या शतकाच्या सुरुवातीपासून वापरल्या आहेत. पण हा भार आम्ल माध्यमात जोरदार असतो आणि माध्यम उदासीनतेकडे सरकले की उतरतो, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या बशीत दिसलेला जंतुनाशक गुण जखमेत तितकाच दिसेल असे गृहीत धरू नये. संसर्ग झालेल्या जखमेत कायटोसानच्या भरवशावर प्रतिजैविक टाळणे चूक आहे.

कोलॅजेन आणि त्यापासून होणारे जिलेटिन गाय, डुक्कर किंवा मासे यांपासून येते. आपल्याकडे लहान मुलांच्या उथळ भाजण्यावर कोलॅजेनचा पापुद्रा खूप वापरला जातो, कारण तो एकदा नीट बसला की रोज पट्टी सोडण्याचा छळ वाचतो आणि खाली त्वचा आली की तो आपोआप सुटतो. त्याचा उगम कशातून आहे हे मी लावण्यापूर्वी सांगतो. सोलापुरात जैन, लिंगायत आणि मुस्लिम कुटुंबे माझ्याकडे येतात. त्यांना हे नंतर कळणे योग्य नाही. कायटोसानबाबतही शाकाहारी माणसाला आणि कोळंबीची ॲलर्जी असलेल्याला विचारलेच पाहिजे. हायल्युरोनिक आम्ल आपल्याच त्वचेत असते आणि आता बहुधा जिवाणूंच्या किण्वनातून बनवतात.

दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा साध्या ट्यूबमध्ये मात्र यांपैकी काहीही नसून कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज असते, म्हणजे लाकडातल्या किंवा कापसातल्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून पाण्यात फुगेल असा केलेला पदार्थ. तुमच्या वडिलांना तो परका वाटू नये. ताण्याच्या सुताला जी खळ देतात, तीत स्टार्च आणि चिंचोक्याच्या पिठाबरोबर हाच पदार्थही वापरतात. आमच्याकडे आलेल्या एका जुन्या विणकराला मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे डॉक्टर, तुम्ही मला खळच लावताय की.” मी हो म्हणालो, फरक निर्जंतुकतेचा आहे आणि तो लहान नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाने माणूस निर्धास्त होतो, ते मला धोक्याचे वाटते. नैसर्गिक पॉलिमर शरीराला सहसा मानवतात, त्यांतले अनेक हळूहळू विघटित होतात, हा त्यांचा खरा गुण आहे. पण जंतूंनाही तेच खाद्य असते, त्यामुळे निर्जंतुकीकरण अधिक काटेकोर लागते. आणि हे जेल लवकर फाटतात, म्हणून साखळ्या जोडायला कधी रसायने वापरावी लागतात. उलट, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भाजलेल्या जखमांसाठी गॅमा किरणांनी जोडलेले पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे हायड्रोजेल विकसित केले. त्यातला मुख्य पॉलिमर कृत्रिम आहे आणि म्हणून ते कमी दर्जाचे ठरत नाही.

याच कारणाने कुंडीतली कोरफड कापून जखमेवर लावू नका. तिचा गर हेही पॉलिमरचे जेलच आहे, पण सुरी, माती, पानाची साल आणि सालीलगतचा पिवळा चीक यांच्यासह ते उघड्या जखमेत जाते. घरातल्या मधाचेही तसेच. वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, बरणीतला नसतो. घरगुती साधनांना माझा सरसकट विरोध आहे असे मात्र समजू नये. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे ड्रेसिंग भाजलेल्या जखमांवर अभ्यासून दाखवले आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. गुळगुळीत, न चिकटणारे आणि स्वस्त झाकण म्हणून ते उत्तम आहे. पण ती पाने निर्जंतुक करून वापरलेली होती, थेट परसातून आणलेली नव्हती.

पत्नीच्या हाताकडे येऊ. जागा गुलाबी, ओलसर आणि झोंबणारी आहे असे तुम्ही लिहिले आहे. दुखणे हे इथे चांगले लक्षण आहे, कारण मज्जातंतू शाबूत असल्याचे ते सांगते. पांढरी, चामड्यासारखी आणि न दुखणारी जागा अधिक खोल भाजलेली असते. माणसाचा बोटांसह तळहात म्हणजे त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे १ टक्का, म्हणून हे भाजणे आकाराने लहान आहे. मनगटाचा सांधा भाजला असेल किंवा हात चहूबाजूंनी, कड्यासारखा भाजला असेल तर मात्र प्रत्यक्ष दाखवणे आवश्यक आहे. धनुर्वाताच्या इंजेक्शनची नोंद तपासा.

ज्यांच्याकडे अशी वेळ पुढे येईल त्यांच्यासाठी सांगतो: भाजल्यावर पहिले औषध २० मिनिटे वाहते साधे पाणी हेच आहे, आणि पहिल्या ३ तासांत केव्हाही ते उपयोगी पडते. जेल त्याची जागा घेत नाही. बर्फ, टूथपेस्ट आणि हळद तर नकोच.

आता ३ दिवसांनंतर, सलाईनने किंवा उकळून थंड केलेल्या पाण्याने जागा हलक्या हाताने धुवावी. नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते पिंपात साठवलेले असते, म्हणून सोलापुरात मी उकळण्यावर भर देतो. सुटलेली मृत साल डॉक्टरांकडून काढून घ्यावी. त्यावर हायड्रोजेलचा साधारण नाण्याच्या जाडीचा थर द्यावा किंवा तयार जेलची चादर ठेवावी. जेल फक्त जखमेपुरते असावे, कडेच्या चांगल्या त्वचेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. त्यावर न चिकटणारी जाळी, मग गॉझ आणि सैल बँडेज. घरोघरी जे चांदीयुक्त पांढरे मलम असते ते उथळ भाजण्यावर मी आता वापरत नाही. ते नव्या त्वचेची वाढ मंदावते आणि त्याच्या पांढऱ्या थराखाली जखम नीट दिसत नाही. अशी जखम २ आठवड्यांच्या आसपास भरावी. ३ आठवडे उलटूनही भरली नाही तर जाड व्रण राहण्याची शक्यता बरीच वाढते आणि त्वचारोपणाचा विचार करावा लागतो. व्रण राहील की नाही हे भाजण्याच्या खोलीवर ठरते. ‘डाग राहणार नाही’ असे वचन देणारी ट्यूब ते वचन पाळू शकत नाही.

वडिलांचा पाय ही वेगळी गोष्ट आहे आणि इथे मी माझी एक चूक सांगतो. उमेदीच्या काळात एका मधुमेही आजोबांच्या पायाचे एक बोट काळे, कोरडे, सुकलेल्या खारकेसारखे झालेले मी पाहिले. ओलसर जखम लवकर भरते हे नुकतेच वाचलेले होते, म्हणून त्या कोरड्या बोटावर मी जेल लावले. घोट्याजवळची नाडी मी नीट चाचपली नव्हती. रक्तपुरवठा नसलेल्या त्या मेलेल्या मांसाला ओल मिळाली, जंतू वाढले, कोरडे गँगरीन ओले झाले, आणि जे एका बोटावर थांबले असते ते अर्ध्या पावलापर्यंत गेले. त्यानंतर पायाची नाडी पाहिल्याशिवाय मी पायावर काहीही ओले ठेवलेले नाही. रक्तपुरवठा नसेल तर कोरडे आणि स्थिर काळे आवरण तसेच कोरडे ठेवायचे असते, आणि आधी रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे जायचे असते. तिथे कंपाउंडरांचे ‘वाळू द्या’ शंभर टक्के बरोबर ठरते.

म्हणून वडिलांच्या पावलावरची आणि घोट्यामागची नाडी तपासून घ्या, आणि डॉपलरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह तपासणाऱ्या यंत्राने) घोट्याचा व दंडाचा रक्तदाब ताडून पाहा. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हे गुणोत्तर फसवे, जास्त येऊ शकते, तेव्हा आकडा चांगला आहे म्हणून लगेच निश्चिंत होऊ नये. १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंट तंतूने तळव्याची संवेदना पाहतात. ती बहुधा गेलेली असेल, कारण नाहीतर २ महिने जखमेवर चालणे कोणाला जमत नाही. निर्जंतुक सळईने तळाला हाड लागते का हे डॉक्टर पाहतील आणि एक्स-रे काढतील. हाडापर्यंत संसर्ग असेल तर वरून कोणतेही जेल लावणे व्यर्थ आहे.

हे सारे ठीक निघाले, तरी जखम अंगठ्याच्या बुडाशी आहे, म्हणजे पाऊल उचलताना जिथे सर्वाधिक भार येतो नेमकी तिथे. तिच्याभोवती घट्टा असणार, आणि तो घट्टा दर खेपेला तासून काढावा लागेल, कारण तो बुटातल्या खड्यासारखा खालून दाबत राहतो. मुख्य उपचार म्हणजे त्या जागेवरचा भार काढणे: योग्य रुग्णात गुडघ्यापर्यंतचे विशेष प्लास्टर, ते शक्य नसेल तर पुढचा भाग उचललेले पादत्राण किंवा फेल्टचा पॅड, आणि जखम भरल्यावर आयुष्यभर एमसीआर (मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची) चप्पल. यंत्रमाग कामगारांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे. १२ तासांची पाळी उभ्याने करणारा माणूस दिवसाआड महागडे ड्रेसिंग बदलून घेतो आणि जखम तसूभर हलत नाही. त्याच माणसाला प्लास्टर घालून बसवले की साध्या गॉझखाली ती भरू लागते. घरची चूल त्या पाळीवर चालत असेल तर बसा म्हणणे सोपे नसते, हेही मला माहीत आहे. वडील अजून कामावर जात असतील, तर ट्यूबचे पैसे वाचवून बैठे काम मिळते का ते आधी पाहा.

मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही केवळ जखम भरावी म्हणून कोलॅजेन, अल्जिनेट किंवा मध वापरू नये असेच म्हटले आहे. हायड्रोजेलचे काही अभ्यास साध्या गॉझपेक्षा बरे दिसतात, पण ते लहान आहेत आणि त्यांत दोष आहेत. मग मी पायाला हायड्रोजेल कधी लावतो? रक्तपुरवठा चांगला आहे, संसर्ग नाही, भार काढला आहे, आणि तळावर कोरडा पिवळा थर चिकटून बसला आहे अशा वेळी, तो थर सुटेपर्यंत. लाल, दाणेदार मांस दिसू लागले की माझे काम साध्या न चिकटणाऱ्या ड्रेसिंगवर भागते. दर आठवड्याला पारदर्शक कागदावर जखमेची कड आखून ठेवावी. ४ आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आले नाही तर ड्रेसिंग बदलत बसू नये. निदानच पुन्हा तपासावे. ताप, पायावर चढणारी लाली, दुर्गंधी किंवा अचानक वाढलेली साखर दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सोलापूरच्या हवेबद्दल दोन शब्द, कारण जेलच्या पाकिटावरच्या सूचना ही हवा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या नसतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते. ३ दिवस टिकेल असे लिहिलेली जेलची चादर इथे दुसऱ्या दिवशी कडेने पापडासारखी वळते आणि जखमेला चिकटते. या दिवसांत मी ती रोज पाहायला सांगतो, वर पाणी न उडू देणारा पारदर्शक पापुद्रा लावतो, आणि सुकलेली असेल तर ओढून न काढता सलाईनने १० मिनिटे भिजवूनच काढतो. साठवण पाकिटावर लिहिलेल्या तापमानातच करावी. फ्रीजमध्ये ठेवायचे तर खालच्या कप्प्यात ठेवावे. गोठले की जाळे मोडते आणि पाणी वेगळे होते.

आता शेवटचा प्रश्न, एकच ट्यूब दोघांना चालेल का. नाही. ट्यूबचे तोंड वडिलांच्या जखमेला किंवा ती हाताळणाऱ्या बोटाला एकदा जरी टेकले असेल, तरी ती पत्नीच्या हातासाठी वापरू नका. पत्नीसाठी नवी आणा, तिच्यावर उघडल्याची तारीख लिहा, जेल थेट न पिळता निर्जंतुक गॉझवर काढून लावा, आणि उघडल्यावर किती दिवस चालते ते पाकिटावर पाहून उरलेले टाकून द्या.